बिनबॅटरीचा ठिपका

प्रस्तावित सभासद: तेर्वो, ओइवा योहान्नेस. वय: अडुसष्ट. व्यवसाय: वीजकंपनीत लाइनमन, निवृत्त. सभासदत्व: सलग एकेचाळीस वर्षे. मूसच्या शिकारीतील नेमणूक: जागा क्रमांक सात. शस्त्र: रायफल एक, दुर्बिणीसह, दुर्बीण प्रकाशित ठिपक्याची, बॅटरीविरहित. वर्तन: स्थिर. दृष्टी: उत्तम (स्वतःच्या निवेदनानुसार). गौरवाचे कारण: सदर सभासदाने मे महिन्यातील श्रमदानात संघाच्या नेमबाजीच्या मैदानावर आपल्या देखरेखीखाली उभारलेले छत, लांबी बारा मीटर, जे अखंड, भक्कम व पूर्णतः गळतीरहित असून संघाच्या पुढील दोन पिढ्यांना पुरेल असा अंदाज आहे. शिफारस: रौप्य बिल्ला.

हा मसुदा सिस्को मात्ता यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात लिहिला. सिस्को या हाउकिवारा शिकार संघाच्या चिटणीस. त्याआधी चौतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवलं, आणि संघातल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी नापास केलेलं होतं. मूस म्हणजे घोड्याएवढं रानटी हरीण; त्याच्या शिकारीला जायचं तर दर तीन वर्षांनी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. तिच्या परीक्षकही सिस्कोबाईच. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांची सवय मोडली नाही. ‘दृष्टी उत्तम’च्या पुढचा कंस त्यांनी कुणालाही न विचारता घातला होता.

ओइवाबद्दल दोन गोष्टी गावात सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, अडतीस वर्षं तो खांबांवर चढला आणि उणे तीसच्या थंडीत उघड्या बोटांनी त्याने तारा जोडल्या. दोन, बॅटरीवर चालणारी वस्तू तो शक्यतो घरात येऊ देत नसे. मनगटावरचं घड्याळ चावीचं. विजेरी मुठीने दाबत राहायची, तेव्हा पेटायची. वीजकंपनीत जन्म घालवलेल्या माणसाचं असं का, हे कुणी विचारलं की त्याचं उत्तर तयार असे: “विजेवर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणून तर ती खिशात घेऊन फिरत नाही.”

त्याची दुर्बीण याच विचारातली. दुर्बीण म्हणायची ती आपली रीत म्हणून. लांबचं जवळ वगैरे ती काही दाखवत नाही. अंगठ्यापेक्षा थोडी जाड नळी, आतल्या काचेवर एक लाल ठिपका. ठिपका जनावरावर टेकवायचा आणि चाप ओढायचा. नळीच्या पाठीवर केसाएवढ्या पारदर्शक धाग्याची गुंडाळी असते. ती दिवसाचा उजेड पिते आणि ठिपक्यात ओतते. बाहेर लख्ख असेल तर ठिपका लख्ख, ढग आले की मवाळ. संध्याकाळसाठी पोटात तांदळाच्या दाण्याएवढी बंद कुपी. तिच्यातला वायू कुणी न सांगता वर्षानुवर्षं चमकत राहतो. बटण नाही, झाकण नाही, बदलायचं काही नाही. ओइवाने ती चोवीस वर्षांपूर्वी घेतली आणि तेव्हापासून तिच्यावर एक फडकं सोडून काहीही खर्च केलेलं नाही.

त्याचा मेहुणा ताइस्तो लेइनोनेन, म्हणजे ओइवाची बायको हेल्मी हिचा धाकटा भाऊ, शिकारीत जागा क्रमांक आठवर उभा राहायचा. त्याच्या दुर्बिणीतही लाल ठिपका होता, पण बॅटरीचा. एका नोव्हेंबरात उणे चोवीस असताना त्याच्यासमोरून अकरा टोकांच्या शिंगांचा नर मूस शांतपणे चालत गेला आणि ताइस्तो विझलेल्या नळीतून त्याला निरोप देत राहिला. ही गोष्ट ओइवा वर्षातून सरासरी नऊ वेळा सांगतो. सरासरी हेल्मीने काढलेली आहे.

जागा सात म्हणजे दलदलीच्या काठावरचा एक जुना बुंधा. तिथे आधी ओइवाचे वडील बसत. एका ऑक्टोबरात त्यांनी शेजारच्या दुसऱ्या बुंध्याला मूस समजून तीन गोळ्या घातल्या, उठले, आणि त्याच दुपारी रायफल मुलाच्या हातात दिली. डोळ्यांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. त्या बुंध्याबद्दलही नाही. ओइवा तेव्हा सत्तावीसचा होता. तीन गोळ्यांची भोकं अजून आहेत. दरवर्षी जागेवर गेल्यावर तो आधी त्यांच्याकडे बघतो, मग बसतो.

आता छताबद्दल.

मैदानावर गोळी झाडायच्या जागा पाच, आणि इतकी वर्षं सगळ्या उघड्यावर. पाऊस आला की परीक्षार्थी भिजत आणि सिस्कोबाईंचे कागदही भिजत. दुसऱ्या कारणाने छताचा ठराव मंजूर झाला. मेमध्ये श्रमदानाची हाक गेली आणि बावीस माणसं हातोड्या घेऊन आली. ओइवा पुढारी. त्याने काम अर्धवट केलं असं कुणी आजवर म्हणालेलं नाही. खांब जमिनीत दीड मीटर. पत्रे काळे. पावसाची तिरपी झड येऊ नये म्हणून पुढची पाखी चांगली दोन मीटर बाहेर काढलेली, पश्चिमेला फळ्यांची भिंत. आणि आतून सगळ्या लाकडाला डांबर; पाइनच्या मुळांचं, भट्टीत गाळलेलं, अस्सल. कायनू प्रांतातल्या माणसाला जी गोष्ट टिकवायची असते तिला तो डांबर लावतो. होडीला लावतो, स्कीला लावतो, चर्चच्या छपराला लावतो. आतून छत रात्रीसारखं काळं झालं आणि वास असा सुटला की म्हातारी माणसं मुद्दाम येऊन उभी राहू लागली.

“दाजी,” ताइस्तो मान वर करून म्हणाला, “इथं परीक्षा द्यायची की अस्वलानं झोपायचं?”

“अस्वलाला ठराव करता येत नाही,” ओइवा म्हणाला. “तू ती शिडी धर.”

जुलैच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला ओइवा परीक्षेला उभा राहिला. जागा तीन, तो नेहमी तीनवरच उभा राहतो. पंच्याहत्तर मीटरवर पुठ्ठ्याचा मूस, त्याच्या खांद्यामागे वीतभर वर्तुळ, चार गोळ्या, चारही आत, वेळ दीड मिनिट. हे तो झोपेत करू शकतो अशी त्याची स्वतःची माहिती होती.

त्याने रायफल उचलली. नळीतून मूस स्वच्छ दिसला. तिरपं ऊन त्याच्या अंगावर पडून पुठ्ठा झगझगत होता. ठिपका मात्र नव्हता. म्हणजे असावा, पण भर उन्हात पेटवलेल्या मेणबत्तीसारखा. आहे असं मानून चालायचं. ओइवाने मानलं. चार गोळ्या झाडल्या.

सिस्कोबाई दुर्बिणीतून पुठ्ठा बघून म्हणाल्या, “चारपैकी दोन. नापास.”

मागच्या बाकावर कॉफी पिणाऱ्या सहा जणांनी एकाच वेळी कप खाली ठेवले.

“काय दाजी, बॅटरी संपली?”

“तिच्यात बॅटरी नाही.”

“तेच म्हणतोय. नसलेलीच संपली असणार.”

ओइवाने नळी फडक्याने पुसली, डांबराचा बारीक धूर बसतो काचेवर असं काहीसं सांगितलं आणि घरी गेला. ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा ऊन, पुन्हा झगझगीत मूस, पुन्हा ठिपक्याच्या जागी ठिपक्याची आठवण. तीन आत, एक शेपटीशेजारी.

“प्रगती आहे,” सिस्कोबाई म्हणाल्या. “तरी नापास. शेवटची तारीख महिन्याचा शेवटचा गुरुवार. त्यानंतर यादी जाते. पास नसलेला माणूस यादीत नसतो, तेर्वो.”

“मला माहीत आहे, बाई.”

“आणि सातची जागा नियमाप्रमाणे आठकडे जाते.”

“तेही माहीत आहे.”

आठने कप तोंडाला लावला. त्याने आनंद दाखवला नाही, पण लपवण्यासाठी जे कष्ट घेतले ते सगळ्यांना दिसले.

त्या रात्री जेवताना ओइवाने हिशेब मांडला. कुपीतल्या वायूचं तेज बारा वर्षांत निम्मं होतं. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं आहे, आणि ते पत्रक त्याने रायफलच्या कपाटात जपून ठेवलेलं आहे. चोवीस वर्षं झाली. म्हणजे निम्म्याचं निम्मं. दुर्बीण म्हातारी झाली. तो उठून सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि नळी डोळ्याला लावली. ठिपका होता. मंद, पण नीट गोल, रानातल्या लाल बेरीसारखा. सकाळी पायरीवर उभं राहून त्याने तीच नळी कुरणाकडे रोखली. ठिपका असा पेटला की त्याने डोळा बारीक केला.

दुर्बिणीचं काही बिघडलेलं नव्हतं. मग उरलं काय, ते त्याने हेल्मीला सांगितलं नाही. तिनेच सांगितलं.

“डोळे दाखव.”

“डोळ्यांना काय झालंय?”

“तुझ्या वडिलांनीही असंच विचारलं होतं. त्या बुंध्याला विचार काय झालं ते.”

ओइवा कायानी शहरात गेला. चश्मेवाल्या बाईंनी त्याला अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत प्रकाश मारला, थेंब घातले, अर्धा तास घेतला. वाचायचा नंबर थोडा वाढलाय, लांबचं वयाला शोभण्याइतकं चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या. आत पडदा स्वच्छ. परत येताना ओइवाने सबंध रस्ता लांबच्या पाट्या मोठ्याने वाचल्या. गाडीत तो एकटाच होता.

म्हणजे दुर्बीण ठीक, डोळे ठीक आणि माणूस नापास. असली बेरीज सिस्कोबाईंनीही मान्य केली नसती.

शेवटच्या गुरुवारच्या आदल्या मंगळवारी तो मैदानावर एकटा गेला. काम साधंच होतं. गुरुवारी परीक्षेनंतर रौप्य बिल्ला द्यायचं ठरलं होतं, आणि बिल्ल्याच्या आधी आतून डांबराचा दुसरा हात द्यावा असं त्याच्या मनात होतं. बादली खाली ठेवली, कुंचला तिच्यावर आडवा. मग रिकामी रायफल घेऊन तो तीन नंबरवर उभा राहिला आणि पुठ्ठ्याच्या मूसकडे रोखली.

ठिपका नाही.

तो चार-पाच पावलं पुढे गेला, नेमबाजांसाठी रंगवलेली रेघ ओलांडून, पाखीच्या पार बाहेर, उन्हात. ठिपका पेटला. मागे आला. विझला. पुन्हा पुढे. पेटला. जुन्या घड्याळातल्या पक्ष्यासारखा तो पाच-सहा वेळा आतबाहेर झाला. कुणी बघितलं असतं तर हेल्मीला फोन गेला असता.

मग तो बाकावर बसला.

धागा उजेड पितो तो नेमबाजाच्या डोक्यावरचा, मूसच्या पाठीवरचा नव्हे. माणूस काळोखात आणि जनावर उन्हात, की ठिपका उपाशी. ही गोष्ट ओइवाला नवी नव्हती. गेली चोवीस वर्षं त्यानेच ती दरवर्षी नवख्यांना समजावून सांगितली होती: दाट झाडीत उभं राहून मोकळ्यावर नेम धरू नका, उजेडात या. सातच्या बुंध्यावर डोक्यावर आभाळच आभाळ, म्हणून तिथे ठिपका कधी दगा देत नाही. आणि त्याच माणसाने मे महिन्यात बावीस माणसं, काळे पत्रे, दोन मीटर पाखी आणि अस्सल डांबर लावून सबंध कायनूमधली सगळ्यात काळोखी जागा बांधली होती, आणि तिच्यात जाऊन स्वतः उभा राहिला होता.

डांबराच्या बादलीकडे त्याने बराच वेळ बघितलं. मग झाकण घट्ट लावून ती गाडीत ठेवली.

बुधवारी ताइस्तो कॉफीला आला. हेल्मीने राय नावाच्या धान्याच्या पोळीत बटाटा आणि लाल बेरी घालून भाजलेलं वाढलं. तीन तुकडे होईपर्यंत तो हवामानावर बोलला.

“दाजी, खरं सांगू? सातवर उभं राहायला मला आवडेल. खोटं कशाला बोलू. पण असं नको. उद्या माझी रायफल घ्या. बटण दाबा, ठिपका लागतो. काळोख असो, ऊन असो, त्याला फरक पडत नाही. चार गोळ्या, पास, घरी. ऑक्टोबरात तुमची ती म्हातारी घेऊन या खुशाल.”

नियमात ते बसत होतं. कुणाच्याही रायफलने परीक्षा देता येते.

“बटण कुठल्या बाजूला आहे?” ओइवाने विचारलं.

ताइस्तोचा चेहरा उजळला. “डावीकडे.”

“लक्षात ठेव. पुढच्या नोव्हेंबरात तुला शोधावं लागेल.”

“बघ ताई, बघ! मदतीला आलो तर हे.”

“मी काय बघू,” हेल्मी म्हणाली. “मी एकेचाळीस वर्षं बघतेय. तू अजून एक तुकडा घे.”

ताइस्तो गेल्यावर ओइवा बराच वेळ खिडकीशी उभा होता. मेहुण्याची रायफल घेतली असती तर दीड मिनिटात सगळं मिटलं असतं, आणि छत जसंच्या तसं राहिलं असतं, आणि बिल्लाही. फक्त आपण पास झालो की ताइस्तोचं बटण, हे कळायला मार्ग राहिला नसता. आणि त्याला तेवढंच कळून घ्यायचं होतं.

गुरुवारी साडेचारला तो मैदानावर आला तेव्हा सिस्कोबाई टेबलावर कागद लावत होत्या. त्याने गाडीवरून शिडी काढली, पत्रा कापायची कात्री काढली, करवत काढली आणि शिडी तीन नंबरला टेकवली.

“तेर्वो. काय चाललंय?”

“देखभाल.”

“गुरुवारी परीक्षेच्या दिवशी?”

“आज गरज आहे.”

सिस्कोबाईंनी चश्मा कपाळावर चढवला. “संघाच्या मालमत्तेत बदल करायचा तर अर्ज लागतो. अर्जात कारण लागतं.” त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. “कारण?”

तोवर गाड्या येऊ लागल्या होत्या. ताइस्तो आला, त्याच्यामागे आणखी सात-आठ जण. शिडीभोवती अर्धवर्तुळ झालं. शिडीवर चढलेल्या माणसाला भोवती जमलेली माणसं नवी नव्हती. अडतीस वर्षं खांबाखाली लोक जमत आणि विचारत, वीज कधी येणार. पण तेव्हा दोष वादळाचा असायचा.

“छत चुकलं,” ओइवा म्हणाला.

“कोणाचं?”

“माझं. आत काळोख फार. माझी दुर्बीण डोक्यावरच्या उजेडावर चालते. मी डोक्यावर डांबर लावलं. म्हणून ठिपका दिसत नाही, म्हणून मी दोनदा नापास. डोळ्यांचं नाही. डोळे तपासून आलो. पण दुर्बिणीचंही नाही. लिहा तसं.”

सिस्कोबाईंनी लिहिलं. त्यांचं पेन कुरकुरतं, शाळेतही कुरकुरायचं.

“दाजी,” ताइस्तो म्हणाला, “म्हणजे उन्हाळाभर तुम्ही स्वतःच स्वतःचा उजेड अडवून उभे होतात?”

“हो.”

“हे मी वर्षातून किती वेळा सांगायचं?”

“नऊ,” ओइवा म्हणाला. “सरासरी तीच ठेव.”

मग एकदाचे सगळे हसले, आणि शिडी धरायला ताइस्तोच पुढे आला.

“एक अट,” सिस्कोबाई म्हणाल्या. “परीक्षेत सगळ्यांना परिस्थिती सारखी हवी. छताला पाडायचं भोक फक्त तेर्वोसाठी असू शकत नाही.”

“ज्याला हवं त्यानं तीनवर यावं,” वरून आवाज आला. “आभाळ संघाचंच आहे.”

बाईंनी यावर थोडा विचार केला आणि हरकत नोंदवली नाही.

स्वतः बसवलेला पत्रा कापायला त्याला वीस मिनिटं लागली. खिळे त्याने इतके जवळजवळ मारले होते की काढताना तो दोनदा पुटपुटला आणि पुटपुटणं कौतुकाचं होतं. डांबर लावलेली फळी करवतीला चिकटत होती. शेवटी काळ्या छतात एक चौकोन उघडला आणि जागा तीनवर उजेडाचा खांब उभा राहिला. बाकी चार जागा पूर्वीसारख्याच काळोखात. आत धूळ तरंगताना दिसली, मेपासून पहिल्यांदाच.

साडेपाचला ऊन पुन्हा पुठ्ठ्याच्या मूसवर आलं. ओइवा उजेडाच्या त्या खांबात उभा राहिला आणि त्याने रायफल उचलली.

लाल. गोल. जागच्या जागी.

चारही गोळ्यांना मिळून त्याने एक मिनिटसुद्धा घेतलं नाही. शेवटची झाडल्यावर त्याने रायफल उघडली, टेबलावर ठेवली आणि मागे वळून बघितलं नाही. सिस्कोबाईंनी दुर्बिणीतून बघितलं, मग नक्की करायला म्हणून चालत पुठ्ठ्यापर्यंत गेल्या, वर्तुळावर पट्टी ठेवली आणि तितक्याच सावकाश परत आल्या.

“चारपैकी चार. तीन तर एका कॉफीच्या कपाखाली झाकतील. पास.”

ताइस्तोने पुढे होऊन हात मिळवला. “मग आठवरच राहतो मी,” तो म्हणाला. “तिथली सवय आहे. तिथून तुम्ही दिसता.”

परीक्षा संपल्यावर ठरल्याप्रमाणे गौरवाचा कार्यक्रम झाला. सिस्कोबाईंनी जूनमधला मसुदा बाहेर काढला आणि एकही शब्द न बदलता वाचला. मंजूर झालेला मजकूर सभेशिवाय बदलता येत नाही. ‘अखंड, भक्कम व पूर्णतः गळतीरहित’ या ठिकाणी त्या थांबल्या नाहीत. ऐकणाऱ्यांनी मात्र माना वर केल्या. रौप्य बिल्ला ओइवाच्या जॅकेटला लावला गेला. तो म्हणाला, “आभार.” हे त्याच्या सार्वजनिक भाषणांपैकी दुसरं. पहिलं शिडीवर झालं होतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी तो जागा सातवर पोहोचला, शेजारच्या बुंध्यातल्या तीन भोकांकडे बघितलं आणि बसला. डोक्यावर आभाळ होतं. नळीत ठिपका होता.

संघाच्या वार्षिक अहवालात सिस्कोबाईंनी मालमत्ता या सदराखाली नोंद केली आहे: जागा क्रमांक तीनवर कायमस्वरूपी, विनाखर्च, बॅटरीविरहित प्रकाशयोजना कार्यान्वित करण्यात आली असून तिचे काम समाधानकारक आहे.

पावसात तीन नंबरवर उभा राहणारा माणूस भिजतो.